जाळीचा ब्रेक होज बसवताना

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगाव परिसरात धूळ हाच जाळीच्या ब्रेक होजचा पहिला शत्रू. आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलची विणलेली जाळी; उघड्या जाळीत वाळूचे कण शिरले की नळीच कुरतडली जाते. त्यामुळे वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच होज घ्या. उघडी जाळी जिथे घासेल तिथे कानशीसारखी चालते, शेजारचा पाइपही सोडत नाही. बसवल्यावर चाक अधांतरी ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. होज ताणतो, पिळतो किंवा टायरला लागतो का, ते पाहा. बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसरच लावा. इथली काटकसर महागात पडते. मग ब्रेकच्या लाइनमधली हवा काढा. डॉट ४ ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. थोडी गाडी चालवल्यावर सगळे जोड पुसून ओल दिसते का, ते पुन्हा तपासा.