‘सगळेच करतात’ या समजुतीचा दबाव

अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘हुक-अप’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. प्रेमाची वा पुढील नात्याची कोणतीही अपेक्षा न ठेवता आलेली शारीरिक जवळीक, असा त्याचा ढोबळ अर्थ. चुंबनापासून समागमापर्यंत काहीही त्यात मोडते. त्यामुळे एखाद्याने तेवढा एकच शब्द उच्चारला, की ऐकणारे बहुधा अधिकच काही गृहीत धरतात.

घरापासूनचे अंतर, वसतिगृहातील मोकळीक आणि वय ही अशा संबंधांची नेहमी सांगितली जाणारी कारणे. ती खोटी नाहीत. तथापि मानसशास्त्रज्ञांना आढळलेले एक कारण याहून विलक्षण आहे. लॅम्बर्ट, कान व अ‍ॅपल या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारल्या होत्या: अशा संबंधांत तुम्हाला स्वतःला कितपत सहज वाटते आणि इतरांना कितपत वाटत असेल? मुले काय, मुली काय, बहुतेकांच्या मते इतर जण आपल्यापेक्षा अधिक निःसंकोच होते. म्हणजे संकोच अनेकांना होता आणि तो आपल्यालाच आहे असे प्रत्येकाला वाटत होते! मुलींच्या मनाची तयारी किती असेल, याचा मुलांनी बांधलेला अंदाजही प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांमध्ये मद्यपानाबाबत नेमका असाच गैरसमज असल्याचे १९९३ मध्येच दिसून आले होते.

मद्य हा यातील दुसरा मोठा घटक. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर मद्यपानाचे किमान वय सर्वत्र २१ झाले. त्याखालील विद्यार्थ्यांचे पिणे थांबले नाही. ते बंद दाराआड गेले. तेथील विद्यार्थिनी-संघांच्या निवासांत मद्याच्या पार्ट्यांना बहुतांशी मनाई असते, विद्यार्थी-संघांच्या घरांत मात्र त्या होतात. साहजिकच प्रवेश कोणाला, पेला कोण भरणार, हे मुले ठरवतात आणि रात्री परतण्याची चिंता मुलींच्या वाट्याला येते. या विषमतेची चर्चा मात्र ‘बिघडलेल्या पिढी’च्या चर्चेपुढे मागे पडते.

वास्तविक पिढी बिघडल्याचा पुरावाही तोकडाच आहे. मॉन्टो व कॅरी यांनी १९८८ ते १९९६ आणि २००४ ते २०१२ या काळांतील सर्वेक्षणे ताडून पाहिली. नंतरच्या विद्यार्थ्यांचे जोडीदार वाढले नव्हते; संबंधांची वारंवारताही वाढली नव्हती. मित्राशी वा जुजबी ओळखीच्या व्यक्तीशी संबंध आल्याचे सांगणारे मात्र अधिक होते.

महाराष्ट्रातूनही दरवर्षी अनेक तरुण शिक्षणासाठी तिकडे जातात. ‘इथे हे चालतेच’ हा समज तेथे पोहोचल्यावर महागात पडू शकतो. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या कायद्यानुसार, राज्याचा निधी घेणाऱ्या महाविद्यालयांच्या नियमांत संमती स्पष्ट असावी लागते. मौन म्हणजे होकार नव्हे आणि मद्यामुळे भान हरपलेल्या व्यक्तीची संमती तेथे ग्राह्य धरली जात नाही.