कॉन्फिग फाइल: आपण लिहितो ते, आणि प्रोग्रॅम वाचतो ते

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सेमिनारच्या आधी मी सरांना पावसाचे आलेख दाखवत होते. एका बिंदूवर बोट ठेवून सर म्हणाले, "हे दहा नंबरचं केंद्र आपण वगळलं होतं ना?" वगळलंच होतं. तिथलं पर्जन्यमापक बिघडलेलं होतं आणि सेटिंगच्या फाइलमध्ये 'वगळा: ०१०' असं मी स्वतः लिहिलं होतं. तरी ते केंद्र आलेखात होतं, आणि आठ नंबरचं चांगलं केंद्र गायब! एरर मात्र एकही नाही. कारण सापडेपर्यंत दोन दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी कॉन्फिग फाइल कशाला, ते बघू. कोणती वर्षं, कोणती केंद्रं, रँडम सीड किती, या गोष्टी कोडमध्ये न पेरता वेगळ्या फाइलमध्ये ठेवायच्या. भारतीय हवामान विभाग २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला 'पावसाचा दिवस' म्हणतो. उद्या रिव्ह्यूअरने विचारलं, "५ मिमी घेतले तर?" तर एक ओळ बदलायची. नाहीतर दहा स्क्रिप्टमध्ये २.५ शोधत बसा.

पायथनमध्ये साधारण तीन प्रकार भेटतील. जेसन काटेकोर आहे, पण त्यात कॉमेंट लिहिता येत नाही. यॅमल डोळ्यांना सोपं, म्हणून संशोधनात खूप दिसतं. टॉमलमध्ये मजकूर अवतरणात लिहावाच लागतो. ते वाचायची सोय पायथन ३.११ पासून (२०२२) सोबतच येते. लिहायला मात्र वेगळं पॅकेज घ्यावं लागतं.

माझी फाइल यॅमल होती. यॅमलमध्ये अवतरण नसेल तर मजकूर की आकडा, हे वाचणारी लायब्ररी अंदाजाने ठरवते. पायथनची नेहमीची पाययॅमल लायब्ररी यॅमल १.१ चे नियम पाळते. त्या नियमांत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला समजतात. म्हणजे ०१० म्हणजे आठ! माझ्या कोडने त्या आठला पुन्हा तीन अंकी केलं, ००८ झालं, आणि तेच केंद्र वगळलं गेलं.

असे आणखी खड्डे आहेत:

- देशांच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी कोड 'नो' लिहिला, तर त्याचं 'फॉल्स' होतं.
- १७:३० ही वेळ साठच्या पटीत मोजून १०५० हा आकडा बनते, पण ०८:३० मजकूरच राहते. हवामान निरीक्षणाच्या या दोन वेळा एकाच यादीत लिहा, दोन वेगळे प्रकार हातात येतील.
- लर्निंग रेट '१ई-३' असा लिहिला तर तो मजकूर ठरतो, कारण त्यात दशांश चिन्ह नाही. '१.०ई-३' चालतं.

२००९ च्या यॅमल १.२ मध्ये 'नो', वेळ आणि शून्याचे हे नियम काढले गेले, पण लायब्ररी जुनी वाट सोडत नाही. मग करायचं काय?

पहिलं, कोड, वेळा, आवृत्ती क्रमांक असं जे मोजायचं नाही ते अवतरणात लिहा.

दुसरं, 'सेफ लोड' वापरून फाइल एकदाच वाचा आणि लगेच तपासा. प्रकार बरोबर आहे का? किंमत शक्य तेवढ्यात आहे का? अनोळखी नाव दिसलं तर प्रोग्रॅम थांबवा. नाहीतर स्पेलिंग चुकलेली सेटिंग गुपचूप बाजूला पडते आणि डीफॉल्ट किंमत वापरली जाते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. प्रोग्रॅमला शेवटी जे समजलं ते, डीफॉल्ट किमतींसकट, निकालाच्या फोल्डरमध्ये नव्या फाइलमध्ये लिहून ठेवा. हे मी केलं असतं तर त्या फाइलमध्ये '८' दिसलं असतं आणि गडबड पहिल्याच दिवशी कळली असती.

लिहिताना थोडं जपून. 'सेफ डंप' तुमच्या कॉमेंट उडवतो आणि नावं अकारविल्हे लावतो, म्हणून हाताने लिहिलेल्या मूळ फाइलवर कधीच लिहू नका. क्रम हवा असेल तर सॉर्टिंग बंद करा. केंद्रांची नावं मराठीत असतील तर युनिकोडला परवानगी द्या आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडा. नाहीतर 'महाबळेश्वर'च्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतील. जेसन लिहितानाही हीच काळजी घ्या.

मी आलेख पुन्हा काढले. सेमिनारच्या आधी चूक सापडली म्हणून निभावलं. पेपर छापून आल्यावर सापडली असती तर?

आज एक करा. तुमच्या शेवटच्या प्रयोगाचा फोल्डर उघडा. फक्त त्यातलं बघून, तो प्रयोग कोणत्या सेटिंगवर चालला हे सांगता येतं का? येत नसेल तर पुढचा प्रयोग चालवण्याआधी तेवढ्या दोन-चार ओळी कोडमध्ये टाका.