फिर्यादीपासून निकालापर्यंत: द्वेषमूलक गुन्ह्यांचा अभ्यास कसा होतो

माणूस अमुक जातीचा, धर्माचा किंवा जमातीचा आहे एवढ्याच कारणाने त्याच्यावर झालेला हल्ला, बहिष्कार किंवा अपमान म्हणजे द्वेषमूलक गुन्हा. अशा गुन्ह्यात घाव एकावर बसतो आणि धाक साऱ्या वस्तीला बसतो. त्यामुळे समाजशास्त्रीय अभ्यास केवळ घटनेवर थांबत नाही. फिर्याद, तपास, खटला, निकाल आणि त्यानंतरचे गावातले जगणे असा सगळा माग तो काढतो. पीडिताला न्याय मिळाला की नाही, याचे उत्तर एकट्या निकालपत्रात सापडत नाही. न्याय वाटेत कोणत्या टप्प्यावर गळाला, हे शोधावे लागते.

अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे कोणाला कोणता कायदा लागू होतो हे पाहणे. भारतात द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी एकच सर्वसमावेशक कायदा नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. गावोगावी तो ‘ॲट्रॉसिटी’ या नावानेच ओळखला जातो. धार्मिक अल्पसंख्याकांना असे स्वतंत्र कवच नाही. त्यांच्या तक्रारी भारतीय न्याय संहितेतील तेढ पसरवणे, दंगल, जाळपोळ अशा सर्वसाधारण कलमांखाली नोंदल्या जातात. भटक्यांची स्थिती आणखी अवघड आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. हा समाज महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींत मोडत नाही, म्हणून ॲट्रॉसिटीचे संरक्षण त्याला मिळत नाही.

दुसरी पायरी म्हणजे परिसर समजून घेणे. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील राहू हे यवत पोलीस ठाण्याच्या हद्दीतले गाव. मुळा-मुठा आणि भीमा यांच्यामधल्या या बागायती पट्ट्याला राहू बेट म्हणतात. ऊस आणि गुऱ्हाळे यांवर इथले अर्थकारण चालते. भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. १ जानेवारी २०१८ रोजी जिथे जातीय हिंसाचार झाला, ते कोरेगाव भीमा त्याच तालुक्यात आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी यवतमध्येच समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जमावाने जाळपोळ व तोडफोड केली आणि पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. अशा भागात अभ्यासकाला रोजगाराची नाती आधी मांडून घ्यावी लागतात. शेत कोणाचे, ऊस कोण तोडतो, उचल कोणी दिली, पाण्याची वाट कोणाच्या बांधावरून जाते, हे कळल्याशिवाय फिर्याद देण्याची किंमत कळत नाही. ज्याच्याविरुद्ध फिर्याद द्यायची, त्याच्याच रानात रोज कामाला जायचे असेल, तर ठाण्याची पायरी चढण्याआधीच प्रकरण ‘मिटवून’ घेतले जाते. नोंद न झालेल्या अशा घटना सरकारी आकडेवारीत कधीच येत नाहीत. त्या फक्त वस्तीवर बसून, ओळख वाढवून कळतात.

तिसरी पायरी कागदपत्रांची. प्रथम खबरीच्या छापील नमुन्यात घटनेची वेळ, ठाण्यात खबर मिळाल्याची वेळ आणि उशिराचे कारण यांचे वेगळे रकाने असतात. पहिल्या दोन वेळांमधले अंतर अभ्यासक आधी मोजतो. उशीर दिसला, की त्या तासांत काय घडले हे फिर्यादीला विचारतो: किती वेळ बसवून ठेवले, समजूत घालायला कोण आले, जातीचा दाखला कोणी मागितला. मग तो मजकुराकडे वळतो. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहिले आहे, की नेमके शब्द उतरवले आहेत? प्रकार चारचौघांत घडल्याचा उल्लेख आहे का? जातीवरून केलेल्या अपमानाच्या कलमासाठी तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. लिहून घेणाऱ्याने ही एक ओळ गाळली, तर पुढे खटल्याचा पायाच ढासळतो. त्याच दिवशी समोरच्या बाजूने उलट गुन्हा नोंदवला आहे का, हेही इथेच तपासले जाते. उलट गुन्हा हे तडजोडीसाठी दबाव आणण्याचे जुने साधन आहे.

कायद्याने ठरवलेली मुदत ही अभ्यासकाची मोजपट्टी ठरते. ॲट्रॉसिटी कायद्याखालील १९९५च्या नियमांनुसार तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असावा लागतो आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत जायला हवे. २०१५च्या दुरुस्तीनंतर साक्षीदारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण आले. पीडिताला अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने द्यायचे असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हवी. प्रत्येक प्रकरणापुढे या तारखा मांडल्या, की गळती उघड दिसते.

चौथी पायरी न्यायालयाची. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. अशा प्रकरणात साक्ष फिरण्याआधीच्या काळात साक्षीदाराच्या घरावर काय गुजरले, याचा शोध घ्यावा लागतो. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये आठ जणांना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीचा आरोप न्यायालयात टिकला नाही. शिक्षा झाली तरी गुन्ह्यामागची जात निकालातून निसटली. म्हणूनच शिक्षेचे प्रमाण हा एकच निकष पुरा पडत नाही.

या सर्व कामात पीडिताची सुरक्षितता सर्वात वर असते. मुलाखत मालकाच्या ओट्यावर किंवा चावडीवर घेत नाहीत. स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले जाते. नाव, वस्ती आणि ओळख पटवणारे तपशील बदलले जातात. आरोपीची बाजू, पोलिसांचे म्हणणे आणि कागद यांच्याशी प्रत्येक कथन ताडून पाहिले जाते, कारण एक चुकीचा तपशील विरोधकांच्या हाती पडला तर साऱ्या वस्तीचे खरे म्हणणे खोटे ठरवले जाते.

अहवालात शेवटी प्रकरणनिहाय तक्ता येतो: कोणती फिर्याद ठाण्यात अडली, कोणती ‘ब’ समरीत, म्हणजे खोटी ठरवून, बंद झाली, कुठे साक्षीदार फुटला, कोणाला अर्थसाहाय्य मिळाले नाही. त्या जोडीला नोंदच न झालेल्या घटनांचे प्रकरण असते. धार्मिक अल्पसंख्याक आणि भटके यांच्यासाठी कायद्यात कोणती उणीव आहे, हेही स्वतंत्रपणे मांडले जाते. अडलेला टप्पा आणि त्याला जबाबदार असलेले पद नेमके लिहिले, तर दक्षता समितीला आणि न्यायालयाला त्याचा जाब विचारता येतो. हे साधणे हाच अशा संशोधनाचा उपयोग.