खिडकीपुरती जागा

मूकपटांतील विनोदाविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे चॅप्लिनचे नाव आधी येते आणि बहुधा गाडी तेथेच थांबते. त्या थोर नटाविषयी माझ्या मनात यत्किंचितही अनादर नाही. परंतु गेली कित्येक वर्षे ज्या एका दृश्याने माझी पाठ सोडलेली नाही ते चॅप्लिनचे नसून बस्टर कीटनचे आहे, आणि संपादकांनी जागेच्या बाबतीत सढळ हात ठेवल्यामुळे त्या दृश्यापाशीच जरा ऐसपैस बसण्याचा माझा इरादा आहे.

पार्श्वभूमी शिरस्त्याप्रमाणे उरकून घेतो. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची फजिती दाखविली, तेव्हापासूनच पडद्यावरील विनोद शरीराच्या आश्रयाने वाढला. १९१२ साली मॅक सेनेटची कीस्टोन कंपनी निघाली आणि वेंधळ्या पोलिसांच्या पळापळीचा बाजार भरला. १९१७ साली रॉस्को आर्बकल या लठ्ठ विनोदी नटाने कीटनला कॅमेऱ्यापुढे आणले. एवढे पुरे.

कीटनचा जन्म त्याच १८९५ सालचा. आईबाप फिरत्या रंगमंचावर खेळ करीत, आणि त्या खेळात पोराला उचलून नेपथ्यावर भिरकावणे हा बापाचा हातखंडा होता. धरायला सोपे जावे म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीमागे बॅगेची मूठ शिवलेली असे. आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत, हे त्या पोराच्या ध्यानात लवकरच आले. पुढे जगप्रसिद्ध झालेला तो निर्विकार चेहरा असा अनुभवातून घडलेला आहे. त्यात तत्त्वज्ञान शोधणाऱ्या टीकाकारांनी प्रथम त्या मुठीचा विचार करावा.

आता ते दृश्य. चित्रपट ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’, साल १९२८. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या काठी अख्खे गाव उभारले होते. शेवटी महापूर दाखवावा अशी मूळ तजवीज होती. परंतु १९२७ साली मिसिसिपीला खराच प्रलयंकारी पूर आला, माणसे मेली, आणि पुरावर हसणे अनुचित ठरेल म्हणून पुराच्या जागी चक्रीवादळ आले. वारा निर्माण करण्यासाठी विमानांची इंजिने आणून बसविली. या वादळात घरे कोसळत असताना नायक रस्त्यावर भांबावून उभा आहे, पाठीमागे दुमजली घर आहे, आणि त्या घराची दर्शनी भिंत एकसंध सुटून त्याच्या अंगावर येते. पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून, खांद्यांवरून खाली उतरते. भिंत जमीनदोस्त होते. तो तसाच उभा. क्षणभर आजूबाजूस पाहतो आणि मग धूम ठोकतो.

भिंत सुमारे दोन टनांची होती असे सांगतात. तिला तळाशी बिजागऱ्या होत्या, खिडकीच्या चौकटीत आणि त्याच्या देहात काही इंचांचेच अंतर राहणार होते, आणि पाय कोठे ठेवायचे याची खूण जमिनीवर आधीच करून ठेवलेली होती. खुणेपासून पाऊल जरा सरकले असते तर पुढचे चित्रण करायला नायक उरला नसता. कॅमेरा चालविणाऱ्यांपैकी काहींनी त्या क्षणी मान फिरविली, अशी आठवण स्वतः कीटनने सांगितलेली आहे. आधी भिंत, मग घाबरा चेहरा, मग धूळ, असे तुकडे जोडून हाच प्रसंग दाखविला असता तर कोणाच्या बापाचे काय गेले असते? परंतु तुकडे नाहीत. कॅमेरा लांब उभा राहून नखशिखान्त माणूस आणि नखशिखान्त घर एकाच चौकटीत दाखवितो, जणू पंचनामा लिहून घेतो. गोष्टीतला पोरगा निव्वळ वेंधळा, त्याला काहीही ठाऊक नाही. आणि त्याच देहात उभा असलेला नट इंचाइंचाचा हिशेब करून आलेला. हे दोघे एकाच वेळी दिसतात, म्हणूनच आपण एकाच श्वासात दचकतो आणि हसतो. केवळ धाडस पाहावयाचे तर सर्कस आहेच.

हिशेब चुकत नसे असे मात्र नाही. ‘थ्री एजेस’मध्ये (१९२३) एका इमारतीवरून दुसरीवर मारलेली उडी हुकली आणि तो खालच्या जाळ्यात पडला, परंतु या पठ्ठ्याने ती हुकलेली उडी तशीच ठेवून तिच्यापुढे घसरगुंडीची सगळी मालिका रचली. ‘शेरलॉक ज्युनिअर’च्या (१९२४) वेळी रेल्वेच्या टाकीतून सुटलेल्या पाण्याच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला, काही दिवस डोके दुखले, आणि मानेचे हाड मोडले होते हे कित्येक वर्षांनी तपासणीत उघड झाले.

हॅरॉल्ड लॉइडचे चाहते येथे घड्याळाला लोंबकळणारा त्यांचा नायक पुढे करतील. ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३) मलाही प्रिय आहे, आणि १९१९ सालच्या स्फोटात उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गमावलेला माणूस ते करतो, ही गोष्ट लहान नव्हे. तरी तेथे उंचीचा भास कौशल्याने रचलेला आहे, आणि माझे मत भिंतीलाच.

आपल्याकडेही देहाचे साहस होते. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली, कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल तलवारबाजीवर लोकप्रिय झाले, आणि पुढे खाष्ट सासू म्हणून गाजलेल्या ललिता पवार ‘दिलेर जिगर’सारख्या (१९३१) साहसपटात होत्या. शौर्य भरपूर; परंतु शौर्याची फजितीशी गाठ आपल्या मूकपटांत क्वचितच पडली, आणि जे जपले गेले तेच इतके थोडे आहे की अधिक बोलण्यास अधिकार राहत नाही.

१९२८ मध्येच कीटन स्वतःचा स्टुडिओ सोडून एम.जी.एम. कंपनीच्या नोकरीत गेला. आयुष्यातील सर्वांत मोठी चूक, असे तो पुढे म्हणे. एवढ्या मोलाच्या नटाने हाडे धोक्यात घालावीत हे कंपनीच्या हिशेबात बसत नव्हते.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. हे मूकपट भलत्याच वेगाने दाखविण्याची खोड अजून गेलेली नाही. एका सभागृहात मी ती भिंत अशी झरकन पडताना पाहिली की भीतीही गेली आणि विनोदही. योग्य वेगाची प्रत मिळवावी, आणि मिळाल्यास तीन चित्रपट क्रमाने पाहावेत: आर्बकलच्या ‘बॅक स्टेज’मध्ये (१९१९) नाटकातील घराचा हलका देखावा पडतो, ‘वन वीक’मध्ये (१९२०) घराची बाजू पडते, आणि आठ वर्षांनी ती दोन टनांची भिंत. युक्ती तीच, खिडकीही तीच. दर खेपेस वजन तेवढे वाढविले आहे.