लंडनची जुनी टॅव्हर्न : वास्तूला संरक्षण, पंगतीला नाही

लंडनच्या ‘सिटी’ या आर्थिक केंद्रात, कॉर्नहिल मार्गालगतच्या बॉल कोर्ट या अरुंद बोळात १७५७ पासून चालत आलेले सिम्पसन्स टॅव्हर्न ऑक्टोबर २०२२ मध्ये थकीत भाड्याच्या वादातून बंद झाले. तेथील इमारत संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. असे असताना अडीचशे वर्षांहून अधिक जुन्या जेवणघराला टाळे कसे लागू शकते, हा प्रश्न त्यानंतर अनेकांना पडला. त्याचे उत्तर ब्रिटनच्या कायद्यात दडलेले आहे. मात्र त्याआधी टॅव्हर्न म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जुन्या इंग्लंडमध्ये सार्वजनिक खानपानाची तीन ठिकाणे होती. ‘इन’ म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची सराई, ‘एलहाउस’ म्हणजे बिअरचा गुत्ता आणि ‘टॅव्हर्न’ म्हणजे वाइन व जेवण मिळण्याची जागा. ठरावीक वेळी, ठरावीक दरात मिळणाऱ्या जेवणाला ‘ऑर्डिनरी’ म्हणत. पुढे सिटीतील कारकून, दलाल व व्यापाऱ्यांसाठी ‘चॉपहाउस’ उदयास आली. बरगडीच्या हाडासह कापलेला मांसाचा तुकडा म्हणजे चॉप. तो निखाऱ्यावर झटपट भाजून वाढता येई. घाईत असलेल्या नोकरदारांची ती खानावळच होती.

या जेवणाचा भर चवीच्या नजाकतीपेक्षा पोट भरण्यावर असे. गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी पिठात मळून, त्या आवरणात गोमांस व मूत्रपिंडाचे तुकडे भरून स्टेक अँड किडनी पुडिंग तासन् तास वाफवले जाते. भाजलेल्या गोमांसासोबत येणारे यॉर्कशायर पुडिंग हे पीठ, अंडी व दूध यांचे फुगलेले पक्वान्न. पूर्वी ते रश्श्यासह मांसाच्या आधी वाढत. त्याने भूक निम्मी भागली, की महागडे मांस कमी लागे. थंड हवामान, अंगमेहनत आणि काटकसर यांतूनच हा जडपणा आला. मोहरी व वूस्टरशायर सॉस घालून वितळवलेले ‘स्ट्यूड चीज’ ही सिम्पसन्सची खासियत होती.

तेथे बसण्याची रीतही निराळी होती. उंच पाठीच्या लाकडी बाकांचे कप्पे, वर टोप्या ठेवण्यासाठी पितळी दांड्या आणि एकाच कप्प्यात मांडीला मांडी लावून बसणारे अनोळखी ग्राहक. अर्थात, ही आपुलकी सर्वांसाठी नव्हती. स्त्रियांना येथे १९१६ पर्यंत प्रवेश नव्हता. परंपरा टिकवायची तर तिच्यातील काय टिकवायचे, याची निवड त्या त्या पिढीला करावी लागते.

आता कायद्याकडे वळू. सूचीबद्ध वास्तूच्या स्वरूपाला बाधा आणणारा बदल करण्यापूर्वी नियोजन अधिकाऱ्यांची संमती घ्यावी लागते. हे संरक्षण भिंती, जिने व जुन्या लाकूडकामाला मिळते. तेथे जेवण रांधणाऱ्या भाडेकरूला नाही. महासाथीच्या काळात व्यावसायिक भाडेकरूंना निष्कासनापासून दिलेला तात्पुरता दिलासा इंग्लंडमध्ये मार्च २०२२ मध्ये संपला. त्यानंतर थकबाकीपोटी भाडेपट्टा रद्द करण्याचा मालकांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला.

स्थानिक नागरिकांना २०११ च्या ‘लोकॅलिझम’ कायद्याने एक हत्यार दिले आहे. एखादी जागा ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून पाच वर्षांसाठी नोंदवता येते. मालकाने ती विकायला काढल्यास खरेदीची तयारी करण्यासाठी नागरिकांच्या गटाला सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळू शकतो. मात्र त्यांनाच विकण्याचे बंधन मालकावर नाही. आणि मालकाला विकायचेच नसेल, तर ही तरतूद लागूच होत नाही.

खरी मेख वर्गवारीत आहे. इंग्लंडमध्ये मे २०१७ पासून पब पाडण्यासाठी किंवा त्याचा वापर बदलण्यासाठी नियोजन परवानगी अनिवार्य आहे. उपाहारगृहे मात्र सप्टेंबर २०२० पासून दुकाने व कार्यालये यांच्यासह ‘ई’ या एकाच वर्गात मोडतात. त्यामुळे उपाहारगृहाचे कार्यालय करण्यास वापरबदलाची परवानगी सहसा लागत नाही. म्हणजे जेथे पेयापेक्षा जेवणाला अधिक महत्त्व आहे, ती जागा या संरक्षणातून निसटण्याची शक्यता अधिक. टॅव्हर्नची जी ओळख, तीच कायद्याच्या दृष्टीने त्याची उणीव ठरू शकते.

ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६० हजार पब होते. दोन दशकांनंतर ही संख्या ४५ हजारांच्या आसपास आली. १६६६ च्या भीषण आगीनंतर पुन्हा उभारलेले फ्लीट स्ट्रीटवरील ‘ये ओल्ड चेशायर चीज’ आजही ओळखले जाते. साउथवार्कमधील ‘जॉर्ज इन’ १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचे आहे. तेथे वास्तूचा मालकच वारसा जपणारा आहे, हा फरक महत्त्वाचा. जुनी भिंत कायद्याने उभी ठेवता येते. तिच्या आड रोज दुपारी मांडली जाणारी पंगत टिकायची असेल, तर भाडे, मालकी आणि नियमित येणारा ग्राहक या तिन्हींची साथ लागते.