दीड वर्षाचे पराक्रम

शूर पुरुषांची चरित्रे वाचण्याचा आम्हांस पूर्वी मोठा नाद होता. अलीकडे तो सुटला. कारण असा एक पुरुष आमच्याच घरी वावरू लागला आहे. वय दीड वर्ष, उंची देव्हाऱ्याच्या चौरंगास हात पोहोचेल इतकी, आणि शब्दसंग्रह अवघा सात शब्दांचा. त्यांपैकी 'नको' हा शब्द त्यास स्वतः उच्चारता येतो. दुसऱ्याने उच्चारलेला मात्र कधीही समजत नाही.

आमचे घर चंद्रपुरास, गोंड राजांच्या जुन्या परकोटाच्या आत. कुटुंब एकत्र, लहानथोर मिळून नऊ माणसे. येथील उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांस कूलरची थोरवी सांगावयास नको. चैत्र सरता सरता तो खिडकीशी येऊन बसतो, आणि चिरंजिवांस घरबसल्या एक जलाशय लाभतो. गेल्या वैशाखात एके सकाळी त्या जलाशयातून आम्ही पूजेची पळी, आजोबांचा चष्मा आणि देव्हाऱ्यातील रांगता बाळकृष्ण एवढा ऐवज बाहेर काढला. मातोश्री रागावतील असे वाटले होते. त्यांनी बाळकृष्ण पदराने पुसून जागेवर ठेविला व म्हणाल्या, "असू दे रे. या काहिलीत देवालाही डुंबावेसे वाटले असेल."

आम्ही हसलो खरे, परंतु हसता हसता अंगावर काटाही आला. कूलर म्हणजे पाणी आणि वीज यांची एकत्र वस्ती! त्याच दिवशी तो खिडकीबाहेर बसविला आणि तार उंचावर घेतली. जिन्यास अर्धे दार लावले. न्हाणीघरातील बादल्या रिकाम्या करून उपड्या ठेवण्याचा नियम झाला. कारण एवढ्याशा जिवास बुडावयास वीतभर पाणीही पुरते. मात्र सारे घर बंद केले नाही. स्वयंपाकघरातील सर्वांत खालचे फडताळ आम्ही मुद्दाम त्याच्या हवाली केले. तेथे झाकण्या, वाट्या व रिकामे डबे नांदतात. माजघरात जुन्या गाद्यांचा ढीग रचून दिला. त्यावर चढणे, माथ्यावर उभे राहून सर्वांस हाका मारणे आणि मग बिनधास्त खाली लोटणे, हा क्रम दिवसातून वीस वेळा तरी चालतो. प्रत्येक वेळी प्रेक्षक मात्र हवा. नसल्यास तो आजोबांचे बोट धरून आणितो.

मध्यंतरी आमच्या आत्याबाई चार दिवस राहून गेल्या. त्यांस हे रुचले नाही. "अरे, पोराला इतके मोकळे सोडू नये. आमच्या वेळी पदराला बांधून ठेवीत होतो," असे त्यांनी बजाविले. तेव्हा आम्ही त्यांस हेमलकशाची गोष्ट सांगितली.

भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांचे लोकबिरादरी प्रकल्पाचे कार्य १९७३ साली सुरू झाले. शिकाऱ्यांनी मारलेल्या एका माकडिणीस तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले त्यांनी पाहिले आणि ते सोडवून घेतले. तेथून पोरक्या वन्य प्राण्यांचा गोतावळा त्यांच्या अंगणात जमत गेला. त्यांचे पुत्र दिगंत व अनिकेत बिबट्यांच्या सहवासात खेळत वाढले आणि पुढे दोघेही त्याच कार्यात राहिले. कोणी बिबट्या पाळावा, असे आमचे मुळीच सुचविणे नाही. आम्हांस एक कूलर पुरे झाला! परंतु तेथील मोकळीक म्हणजे दुर्लक्ष नव्हे. प्राणी आणि मूल, दोघांचाही स्वभाव ओळखणारी वडीलधाऱ्यांची नजर तेथे जागी होती. मुलास बांधावयास दोर पुरतो; सोडावयास मात्र नजर लागते.

या नजरेची परीक्षा श्रावणात झाली. एके दिवशी तिसऱ्या प्रहरी मातोश्री एकाएकी म्हणाल्या, "आज घर आवरलेले कसे?" खरेच, फडताळ बंद होते. गाद्यांचा ढीग जसाच्या तसा होता. दोन दिवसांच्या सर्दीतापाने मलूल झालेले बाळ कुशीवर पडून होते, आणि श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. डॉक्टरांनी घड्याळ समोर धरून पुरते एक मिनिट श्वास मोजले. ते बावन्न भरले. या वयास चाळिसांवर गेले की धोका समजावा, असे सांगून त्यांनी न्यूमोनियाचे निदान केले व तत्काळ इस्पितळात नेण्यास सांगितले. चार रात्री आम्ही तेथे काढल्या.

त्या रात्री शेजारच्या गडचिरोलीची आठवण वारंवार होई. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेचे कार्य तेथे १९८६ साली आरंभिले. १९८८ साली त्यांच्या कार्यक्षेत्रातील खेड्यांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२१ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. न्यूमोनिया हे त्याचे एक मोठे कारण. आकडे न येणाऱ्या सुइणींनाही श्वास मोजता यावे म्हणून वाळूचे घड्याळ व मणी यांचे एक साधे यंत्र तेथे तयार झाले. पुढे गावच्याच स्त्रिया शिकून 'आरोग्यदूत' झाल्या आणि घरोघरी जाऊन नवजात बालकांस जपू लागल्या. २००३ पर्यंत १२१ चा तो आकडा ३० वर आला, आणि २०११ पासून देशभर 'आशा' सेविकांकडून नवजात बालकांची अशी घरीच देखरेख सुरू झाली. ज्या अंगणांत आज पोरे मडकी फोडीत असतील, त्यांमागे कोणा एका बाईने मिनिटभर श्वास रोखून दुसऱ्याच्या बाळाचे श्वास मोजलेले असतील.

घरी परतल्यावर दोन दिवस बाळ मांडीवरून उतरले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात धडाडकन आवाज झाला. समाचारास आलेल्या आत्याबाई सर्वांच्या आधी धावल्या. पोह्यांचा डबा उपडा झाला होता आणि त्या राशीत बसून चिरंजीव दोन्ही मुठींनी पोहे उधळीत होते. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पोहे सुपात भरून घेतले, आणि रिकामा डबा पुसून पुन्हा त्याच खालच्या फडताळात ठेविला.