इंजिनाच्या उशाला
आग्राव, बोडणी, करंजा इथल्या मोठ्या मच्छीमार बोटींवर केबिन बहुतेकदा मागच्या बाजूला असते आणि इंजिन तिच्याच खाली. सुकाणूवर तांडेल, खाली ड्रायव्हर आणि पाळी संपलेला खलाशी वरच्या फळ्यांवर आडवा. बोट चार-पाच दिवस बाहेर राहिली, की तेवढे दिवस कानाला विसावा नाही. आवाज किती मोठा, याइतकाच हा न मिळणारा विसावा घातक आहे.

आतल्या कानातल्या वेटोळ्या नळीत सुमारे 15 हजार केसपेशी असतात. आवाजाने थकलेल्या पेशी काही तासांच्या शांततेत सावरतात. बंदरावर उतरल्यावर कानात गुणगुणतं आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, ते त्यामुळेच. सावरण्याआधी पुन्हा मारा होत राहिला, तर त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. जाळ्यात येणाऱ्या माशाच्या कानात मात्र त्या नव्याने तयार होतात!

पहिला फटका 4,000 हर्ट्झच्या आसपास बसतो. स, श, थ, फ यांची ओळख अशा उंच पट्टीतल्या ध्वनींवर ठरते, स्वर खालच्या पट्टीत राहतात. त्यामुळे बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. लिलावात ‘साठ’ पुकारलं तर ‘आठ’ ऐकू येतं आणि घरचे म्हणतात, हा हल्ली लक्षच देत नाही.

कारखान्यात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, आणि डिझेल इंजिनाशेजारी आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. शिवाय आठ तासांच्या हिशेबात उरलेला दिवस शांत धरलेला असतो. थळच्या खत कारखान्यातल्या कामगाराला या नियमाचा आधार आहे, समोरच्या समुद्रातल्या खलाशाला नाही. 2014 पासून 1,600 टनांवरच्या नव्या जहाजांत झोपायच्या खोलीतला आवाज 60 डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. आपल्या बोटी त्यापुढे फारच लहान.

कापसाचा बोळा फारसं काही अडवत नाही. इंजिनाजवळ उतरणाऱ्या ड्रायव्हरला इयरमफ हवेतच, पण जाळं ओढताना हाक ऐकू आली नाही तर जीव जाऊ शकतो. म्हणून उपाय इंजिनापाशीच करायला हवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी दुरुस्तीला लागतात. तेव्हाच इंजिनाखाली रबरी माउंटिंग बसवावं, फुटका सायलेन्सर बदलावा, केबिनच्या तळाला न जळणारी खनिज लोकर आणि जड पत्रा लावावा. फटींकडे विशेष लक्ष हवं: आडोशाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त कमी होऊ शकत नाही. इंजिनाला लागणारी हवा आतून अस्तर लावलेल्या, वळणाच्या नळीतून द्यावी.

आणि नवी बोट बांधायला काढताना मिस्त्रीशी झोपायच्या जागेबद्दल बोलावं. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, हेलकावे जास्त बसतात हे खरं, पण तिथे इंजिन उशाशी नसतं.